घरातला पाळीव साप निसटला तर कुठे शोधाल?

पेटीचं झाकण बोटभर सरकलेलं दिसतं. आत पाण्याचं भांडं जागेवर असतं, लपायला ठेवलेलं मडकंही जागेवर असतं, फक्त साप नसतो. मग घरात काय होतं? कुणी ओरडतं, कुणी पलंगावर चढतं, कुणी झाडूचा दांडा सोफ्याखाली ढोसू लागतं आणि ज्यानं साप पाळला तो सगळ्यांची बोलणी खात घरभर धावत सुटतो. या धावपळीत साप आणखी आत, आणखी अवघड फटीत जाऊन बसतो. जो तासाभरात सापडला असता, तो मग आठवडाभर सापडत नाही.

‘आमच्याकडे कुणी साप पाळत नाही’ असं म्हणून पान पुढे सरकवू नका. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांची भिंत शेजाऱ्याच्या भिंतीला लागून असते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एखाद्या सकाळी ‘तिसऱ्या मजल्यावरचा साप सुटला आहे’ असा निरोप येऊ शकतो. चेन्नईसारख्या शहरात तर त्याच दिवशी बागेतून एखादा रानातला सापही घरात आलेला असू शकतो. दोघांत गल्लत झाली, तर एकीकडे निरुपद्रवी जीव काठीखाली मरतो आणि दुसरीकडे माणसाच्या जिवावर बेततं. म्हणून साप पाळणाऱ्यांनी आणि न पाळणाऱ्यांनीही हे वाचून ठेवावं.

पाळीव साप येतात कुठून?

कुत्रा-मांजर पाळणाऱ्या आपल्या लोकांना हा छंद विचित्र वाटतो, पण तो शहरांत चांगलाच रुजतो आहे. चेन्नई विमानतळावरच्या दोन घटनांवरून त्याचा अंदाज येईल. जानेवारी २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या बेवारस बॅगांमध्ये कस्टम्सच्या अधिकाऱ्यांना ४५ बॉल पायथन आणि ८ कॉर्न स्नेक सापडले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये क्वालालंपूरहून आलेल्या एका प्रवासी महिलेच्या सामानातून २२ साप आणि एक शॅमेलिऑन सरडा निघाला. हा सगळा चोरटा माल होता. मागणी असल्याशिवाय कुणी एवढी जोखीम घेत नाही.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला लहानसा अजगर. पूर्ण वाढ झाली तरी साधारण तीन ते पाच फूट. बिनविषारी, लाजाळू, निशाचर. घाबरला की डोकं मध्ये घेऊन अंगाचा चेंडू करतो, म्हणून हे नाव. कॉर्न स्नेक अमेरिकेतला, सडपातळ आणि चढण्यात तरबेज. पाळीव सापांत या दोन जातींचा बोलबाला आहे.

कायदा मात्र नीट माहीत हवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार नाग, धामण, मांडूळ, अजगर असा आपल्याकडचा कोणताही साप घरात पाळता येत नाही. परदेशी जातींसाठी याच कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. २८ फेब्रुवारी २०२४ च्या नियमांनुसार आंतरराष्ट्रीय करारानं संरक्षित असलेल्या परदेशी जातींची नोंद ‘परिवेश’ या सरकारी पोर्टलवर करणं बंधनकारक आहे. बॉल पायथन त्यांतच मोडतो. नोंद नसली की मालक घाबरतो आणि साप निसटल्याचं कुणालाच सांगत नाही. धोका सगळ्यात जास्त वाढतो तो इथेच.

साप हरवत नाही, लपतो

निसटलेला साप ‘पळून गेला’ असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्याला कुठेही जायचं नसतं. उघड्यावर राहणं त्याला असुरक्षित वाटतं. अंगाला दोन्ही बाजूंनी काहीतरी टेकलेलं असेल अशी अंधारी, अरुंद जागा मिळाली की तो थांबतो. खाणं दर आठ-पंधरा दिवसांनी, त्यामुळे भुकेची घाई नसते. म्हणूनच बरेचसे साप त्याच घरात, कित्येकदा पेटीपासून दोन-चार हातांवरच सापडतात.

मोठ्या प्राणिसंग्रहालयांचाही हाच अनुभव आहे. मार्च २०११ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातून इजिप्शियन नागाचं पिल्लू निसटलं. ते शहरभर फिरत असल्याच्या गमती इंटरनेटवर सुरू झाल्या. नाग मात्र जवळपास आठवडाभराने त्याच सर्पगृहाच्या इमारतीत, एका अंधाऱ्या कोपऱ्यात वेटोळं घालून बसलेला सापडला.

ऑक्टोबर २०२२ मध्ये स्वीडनच्या स्टॉकहोममधल्या स्कान्सेन मत्स्यालयातून एक नागराज निसटला. त्याच्या पेटीच्या छतात जुना, तापणारा दिवा होता. तो काढून कमी वीज खाणारा दिवा बसवला. नवा दिवा तापत नव्हता, त्यामुळे नागराज त्याच्या खोबणीतून वर सरकला आणि छतात शिरला. भिंतींचे एक्स-रे काढून तो कुठे आहे हे शोधलं गेलं. आणि शेवटी काय झालं? साधारण आठवड्याने तो आपला आपणच पेटीत परतला. बाहेर ना ऊब होती, ना पाणी.

या दोन घटनांतून आपल्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. शोध नेहमी पेटीपासून सुरू करायचा आणि पेटी कधीही बंद करून उचलून ठेवायची नाही.

इरुळांची नजर

साप शोधण्याच्या बाबतीत चेन्नईच्या आसपास राहणाऱ्या इरुळा जमातीइतके जाणकार जगात फार थोडे असतील. पूर्वी त्यांची उपजीविका सापाच्या कातड्यांवर चाले. कातड्याच्या व्यापारावर बंदी आल्यावर रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं १९७८ मध्ये इरुळांची सहकारी संस्था उभी राहिली. ईस्ट कोस्ट रोडवरच्या वडनेम्मेली इथे, मगरींच्या प्रसिद्ध केंद्राच्या आवारात ती चालते. इरुळा साप पकडून आणतात, त्यांचं विष काढतात आणि काही आठवड्यांनी त्यांना पुन्हा रानात सोडतात. त्या विषापासून प्रतिविषाची इंजेक्शनं तयार होतात.

याच जमातीतले वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन २०१७ च्या जानेवारीत थेट अमेरिकेतल्या फ्लोरिडात पोचले. तिथे पाळण्यासाठी आणलेले ब्रह्मी अजगर निसटले होते, काही मालकांनी कंटाळून सोडून दिले होते आणि त्यांची प्रजा दलदलीत बेसुमार वाढली होती. म्हणजे निसटलेल्या पाळीव सापाचा प्रश्न, फक्त अख्ख्या जंगलाएवढा. स्थानिक शिकारी गाडीतून रस्त्यानं आणि बांधावरून फिरत साप शोधत. इरुळा सरळ दाट झाडोऱ्यात शिरले आणि माग, विष्ठा, कात पाहत पाहत पुढे गेले. पहिल्या आठ दिवसांत त्यांनी १३ अजगर शोधले. त्यांतली सोळा फुटी मादी की लार्गो बेटावरच्या जुन्या क्षेपणास्त्र तळाच्या जागेत लपलेली होती. २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री जाहीर झाली.

त्यांची पद्धत घरातही वापरता येते. साप शोधू नका, आधी सापाला आवडेल अशी जागा शोधा. मग त्या जागेत खुणा पाहा: कातेचा तुकडा, पांढरट-तपकिरी विष्ठा, धुळीत उमटलेली नागमोडी रेघ, फटीतून बाहेर सरकलेला कागद.

पहिली पंधरा मिनिटं

साप नाही हे लक्षात येताच एवढं करा:

१. ज्या खोलीत पेटी आहे तिचं दार लावा. दाराखालच्या फटीत टॉवेल किंवा पायपुसणं गच्च कोंबा. मग बाकीच्या खोल्यांची दारंही तशीच बंद करा. घराचे तुकडे पाडले की शोध सोपा होतो.

२. लहान मुलं आणि कुत्रा-मांजर आधी तपासलेल्या एका खोलीत ठेवा. मांजर सापाला जखमी करतं, हे विसरू नका.

३. न्हाणीघराच्या मोरीची जाळी बसवा. कमोडचं झाकण लावा. एक्झॉस्ट फॅनचं भोक आणि एसीचा पाइप भिंतीतून जातो तिथली फट कापडानं बुजवा.

४. वॉशिंग मशीन, वेट ग्राइंडर, मिक्सर, ओव्हन तपासल्याशिवाय सुरू करू नका. सोफा-कम-बेड उघडू किंवा मिटू नका. मागेपुढे होणारी आरामखुर्ची हलवू नका. अशा यंत्रांत आणि सांध्यांत साप चिरडला जाऊ शकतो.

५. फिनेल, रॉकेल, गरम पाणी, धूर यांतलं काहीही वापरू नका. त्यानं साप बाहेर येत नाही, भाजतो किंवा आणखी आत जातो. उंदरांसाठीचे चिकट सापळे तर मुळीच नकोत. त्यातून साप सोडवताना त्याची कातडी सोलून निघते.

आणि हो, दुधाची वाटी ठेवण्यातही अर्थ नाही. साप दुधाच्या वासानं येत नाही.

शोध कुठून कुठे?

पहिला शोध पेटीतच घ्या. आतला भुसा हातानं पूर्ण चाळा, मडकं उलटं करून पाहा, पेटीच्या मागची आणि खालची बाजू पाहा. ‘निसटलेला’ साप भुशाखाली शांत झोपलेला सापडणं ही नेहमीची गोष्ट आहे. तो बाहेर पडलाच असेल, तर कुठून पडला ते भोक शोधा. ज्या फटीतून डोकं जातं तिथून साप बहुधा उरलेलं अंगही नेतो. त्यामुळे ‘एवढ्याशा फटीतून कसा जाईल?’ असा विचार करून कुठलीही जागा सोडू नका.

नंतर पेटीच्या सर्वांत जवळच्या भिंतीपासून सुरुवात करा. साप उघडी फरशी टाळतो आणि भिंतीच्या कडेनं सरकतो. टॉर्च घ्या, गुडघ्यावर बसा, एक कोपरा पूर्ण पाहून झाल्यावरच पुढच्या कोपऱ्याकडे जा. बॉल पायथन असेल तर आधी जमिनीलगतच्या जागा बघा: कपाटाखाली, कपाटाच्या मागे, सर्वांत खालच्या खणाच्या मागच्या पोकळीत, चपलांच्या रॅकमध्ये, बुटांच्या आत, गुंडाळलेल्या चटईत, गादी आणि पलंगाच्या फळीमध्ये. सोफा उलटा करून खालचं पातळ कापड फाटलेलं आहे का ते पाहा. तिथून साप आत शिरला, तर वरून कितीही उशा उचलल्या तरी दिसत नाही.

कॉर्न स्नेक असेल तर नजर वरही हवी: पडद्याच्या दांड्या, पेल्मेट, पुस्तकांच्या मागची जागा, माळ्यावरची पोती आणि बॅगा, देवघराची मागची बाजू.

तपासलेल्या खोलीचं दार परत लावा आणि त्यावर कागद चिकटवून वेळ लिहा. घरात चार जण शोधत असले की एकच सोफा चौघं पाहतात आणि फ्रिजमागे कुणीच पाहत नाही.

चेन्नईच्या हवेचा हिशेब

परदेशी पुस्तकांत एक सल्ला हमखास असतो, उबदार जागा शोधा. थंड देशात तो बरोबर आहे, कारण तिथे घराचा बाकी भाग सापाला गारठवतो. चेन्नईत बहुतेक महिने अख्खं घरच उबदार असतं. त्यामुळे इथे साप उबेसाठी धडपडत नाही. त्याला अंधार आणि आडोसा पुरतो.

एप्रिल-मे मध्ये, पारा चाळिशीकडे सरकतो तेव्हा तो उलट गारव्याकडे आणि ओलाव्याकडे जातो. मग न्हाणीघर, सिंकखालचं कपाट, पिण्याच्या पाण्याच्या पिंपामागची जागा, ओल्या कपड्यांची बादली, कुंड्यांच्या खालच्या ताटल्या पाहा. एसी चालू असलेल्या खोलीत नेमकं उलटं होतं. गार खोलीतून तो ऊब शोधत निघतो आणि फ्रिजच्या कॉम्प्रेसरजवळ, इन्व्हर्टरमागे, सेट-टॉप बॉक्सखाली जाऊन बसतो. म्हणून साप निसटला की एसी बंद करा आणि काल रात्री तो कोणत्या खोलीत चालू होता ते आठवा. फ्रिज पुढे ओढण्याआधी त्याचा प्लग काढा आणि टॉर्चनं खालून-मागून पाहून घ्या.

रात्री कोलमचं पीठ उपयोगी पडेल

दिवसा सापडला नाही तर निराश होऊ नका. हे साप रात्री हालचाल करतात. त्यांची वाट पाहायची तयारी संध्याकाळीच करून ठेवा.

चेन्नईत दारात कोलम काढायला तांदळाचं पीठ घरोघरी असतंच, मराठी घरात रांगोळी असेल. प्रत्येक दाराच्या उंबऱ्याशी आणि भिंतीच्या कडेनं त्याचा पातळ पट्टा टाका. साप त्यावरून गेला तर सकाळी रेघ उमटलेली दिसते आणि तो कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत गेला ते कळतं. मुंग्या लागण्याआधी सकाळी पुसून घ्या. भिंतीच्या कडेला किराणा दुकानातल्या कुरकुरणाऱ्या प्लास्टिक पिशव्या पसरून ठेवा. शांत घरात त्यांची सळसळ स्पष्ट ऐकू येते.

प्रत्येक खोलीत पुठ्ठ्याचं एक खोकं ठेवा. त्याला मुठीएवढं भोक पाडा, आत ओलसर फडकं आणि घरात एसी असेल तर टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली ठेवा. शेजारी पाण्याचं पसरट भांडं. पेटी मात्र झाकण उघडं ठेवून जमिनीवर असू द्या, आतला दिवा किंवा उबेची पट्टी नेहमीसारखी चालू. स्टॉकहोमच्या नागराजासारखा तो परतू शकतो.

मग दिवे मालवा आणि एकानं हातात टॉर्च घेऊन शांत बसा. दर वीस-तीस मिनिटांनी उठून सर्व कडा पाहा. झोपणाऱ्यांनी त्या रात्री जमिनीवर अंथरूण घालू नये. पलंगावर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा. निसटलेल्या बिनविषारी सापासाठी एवढी काळजी का, असं वाटेल. कारण पुढे आहे.

सापडलेला साप तुमचाच आहे ना?

या लेखातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. आपला साप शोधत असताना जो साप दिसेल तो आपलाच असतो, असं मन धरून चालतं. गिंडीचं राष्ट्रीय उद्यान, पळ्ळिकरणैची दलदल, तळी आणि मोकळे प्लॉट यांच्यामुळे चेन्नईत रानातले साप माणसांच्या वस्तीत नेहमी दिसतात. ऑक्टोबर ते डिसेंबरच्या पावसात बिळांत पाणी शिरलं की ते घराच्या आडोशाला येतात.

यात घोणस हा साप विशेष घातक ठरतो. जाडसर अंग, तपकिरी रंग, त्यावर गडद ठिपके. अर्धवट अंधारात ती अजगराच्या पिल्लासारखी दिसते आणि अजगर समजून तिला हात लावल्यानं माणसं दंशाला बळी पडली आहेत. बॉल पायथनशीही तिची गल्लत सहज होऊ शकते. ‘विषारी सापाचं डोकं त्रिकोणी असतं’ ही खूण इथे कामाची नाही, कारण बॉल पायथनचं डोकंही रुंद आणि मान बारीकच असते. घोणशीच्या पाठीवर काळ्या कडांच्या लंबगोल ठिपक्यांच्या, साखळीसारख्या तीन ओळी असतात. बॉल पायथनवर गडद पार्श्वभूमीवर फिकट तपकिरी, वेडेवाकडे पट्टे असतात. घोणस चिडली की कुकरमधून वाफ सुटावी तसा मोठा फुत्कार सोडते.

दुसरी गल्लत मण्यार आणि कवड्याची. कवड्या बिनविषारी, मण्यार अत्यंत विषारी, दोघेही गडद रंगाचे, पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे आणि रात्री फिरणारे. मण्यार जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि दंश इतका कमी दुखतो की कित्येकदा जागही येत नाही. वर मच्छरदाणी खोचायला सांगितलं ते यासाठी.

म्हणून नियम सोपा ठेवा. साप दिसला की दोन मीटर लांब थांबा, मोबाइल झूम करून फोटो काढा आणि तुमच्या सापाच्या जुन्या फोटोशी ठिपका-ठिपका जुळवून पाहा. प्रत्येक सापाची नक्षी वेगळी असते. मालकाकडे आधीपासून चांगले दोन-तीन फोटो असणं म्हणूनच गरजेचं आहे. शंभर टक्के खात्री झाली तरच जवळ जा. थोडी जरी शंका असली तरी सापावरून नजर न हटवता वनखात्याला, अग्निशमन दलाला १०१ वर किंवा प्रशिक्षित सर्पमित्राला फोन करा. महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी वनखात्याची हेल्पलाइन १९२६ आहे.

शेजारी काय ओरडत आहेत?

चेन्नईत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी काही तमिळ नावं पाठ असणं उपयोगाचं आहे. वॉचमन किंवा कामवाली बाई साप पाहून ओरडली, तर पुढच्या शब्दावरून धोका कळतो. ‘पांबु’ म्हणजे साप. ‘नल्ल पांबु’ म्हणजे नाग. शब्दशः अर्थ ‘चांगला साप’, त्यामुळे नव्या माणसाचा घोटाळा होतो. ‘कट्टु विरियन’ म्हणजे मण्यार, ‘कण्णाडी विरियन’ म्हणजे घोणस, ‘सुरुट्टै विरियन’ म्हणजे फुरसं. ‘विरियन’ ऐकलं की मागे सरा, हे मुलांनाही शिकवा. ‘सारै पांबु’ म्हणजे धामण आणि ‘मलै पांबु’ म्हणजे अजगर, हे दोन्ही बिनविषारी.

हाती लागल्यावर

खात्री पटली आणि साप मोकळ्या जागी असेल, तर मधल्या अंगाखाली दोन्ही हात घालून सावकाश उचला आणि उशीच्या अभ्र्यात ठेवून तोंड बांधा. फटीत अडकला असेल तर शेपटी धरून ओढू नका. तो अंग फुगवून घट्ट बसतो आणि ओढाताणीत त्याच्या कण्याला, बरगड्यांना इजा होते. फर्निचरचे स्क्रू काढा, फळी सैल करा, वाट मोकळी करून द्या. पेटीत ठेवल्यावर अंगावर जखम, भाजल्याचा डाग, चिकटलेली धूळ आहे का पाहा आणि पाणी द्या. दोन-चार दिवस खायला देऊ नका, हाताळूही नका. जखम दिसली तर सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्याकडे न्या.

चारपाच दिवस उलटले तरी शोध थांबवू नका. बॉल पायथन कित्येक आठवडे उपाशी राहू शकतो. पीठ, खोकी आणि पाण्याची भांडी तशीच चालू ठेवा.

चावलाच तर

स्वतःचा बिनविषारी साप डोळ्यांदेखत चावला असेल, तर जखम साबण-पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांना दाखवा. कोणता साप चावला याची जराही शंका असेल तर तो विषारीच आहे असं धरा. अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा. चावलेला हात किंवा पाय न हलवता ठेवा, १०८ वर रुग्णवाहिका बोलवा आणि प्रतिविष असलेल्या मोठ्या सरकारी रुग्णालयात जा. कापणं, चोखणं, आवळून बांधणं, झाडपाला, मंत्र यांतलं काहीही नको. साप मारून सोबत न्यायची गरज नाही. लांबून काढलेला फोटो असला तर ठीक, नसला तरी डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं दगावली, असा २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचा अंदाज आहे. तामिळनाडूनं नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्पदंश हा नोंद बंधनकारक असलेला आजार म्हणून जाहीर केला. वेळेवर मिळालेलं प्रतिविष हाच त्यावरचा उपाय आहे.

शेजाऱ्यांना सांगायचं का?

सांगायचं, आणि पहिल्याच दिवशी. मालकाला सगळ्यात जड जाणारी हीच गोष्ट असते. असोसिएशन रागावेल, घरमालक खोली सोडायला लावेल, कुणी तक्रार करेल, ही भीती खोटी नाही. पण न सांगितल्यावर काय होतं ते पाहा. शेजारच्या मोरीत साप दिसतो, माणसं जमतात, काठी पडते. किंवा शेजारचं पोर ‘वरच्या दादाचा साप’ म्हणून एखाद्या दिवशी घोणशीला हात लावतं.

निरोप साधा ठेवा: सापाचा स्पष्ट फोटो, तो बिनविषारी आहे ही माहिती, शेवटचा कधी दिसला ती वेळ, तुमचा फोन नंबर आणि दोन ठळक सूचना. ‘मारू नका. पण हातही लावू नका, लांबून फोटो काढून मला पाठवा, तो दुसराच साप असू शकतो.’ हाच निरोप वॉचमनला आणि घरकामाच्या बाईंना तमिळमध्ये समजावून सांगा, कारण जिन्याखाली आणि पार्किंगमध्ये सर्वांत आधी तेच पाहतात. इमारतीत कुठेच मिळाला नाही तर वनखात्यालाही कळवा. परदेशी साप शहरातल्या झाडोऱ्यात मोकळा फिरू देणं बरं नाही, हे फ्लोरिडानं दाखवून दिलंच आहे.

पुन्हा असं होऊ नये म्हणून पेटीच्या झाकणाला खटका किंवा लहान कुलूप लावा. वर पुस्तकं ठेवून भागत नाही, साप ती ढकलतो. वायर जाण्यासाठी पाडलेलं भोक बुजवा. दिवा, पाइप किंवा जाळी बदलली की त्या दिवशी सगळ्या फटी पुन्हा तपासा. आणि रोज रात्री झोपण्यापूर्वी झाकण हातानं ओढून पाहायचं काम घरातल्या एकाच माणसाकडे सोपवा. सगळ्यांवर सोपवलेलं काम कुणीच करत नाही.